पाठीमागे वाजणारी पावलं

योनागो स्टेशनवर शून्य नंबरचा प्लॅटफॉर्म आहे. एक, दोन, तीन असतात तसा शून्य. जपानीत शून्याला 'रेइ' म्हणतात आणि मेलेल्या माणसाच्या आत्म्यालाही 'रेइ'च म्हणतात, फक्त लिहायची अक्षरं वेगळी, तर या लोकांनी प्लॅटफॉर्मच्या नावात सरळ ते आत्म्याचं अक्षर घातलंय. मी ते वाचलं आणि बॅग हातात धरून तिथेच उभी राहिले, मागून लोक जातायत येतायत, आणि मला इतका आनंद झाला की काय सांगू, कारण पुण्यात रात्री जागून जी अक्षरं वहीत घोटली होती त्यातलं एक इथे असं समोर येऊन भेटलं.

ऑफिसच्या कामासाठी ओकायामाला गेले होते. पुणेकरांना ओकायामा सांगायला नको, सिंहगड रोडचं आपलं पु. ल. देशपांडे उद्यान म्हणजेच पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, तिथल्या कोराकुएन बागेवरून केलेलं. रविवार मोकळा मिळाला तेव्हा बरोबरचे सगळे हिमेजीचा किल्ला बघायला गेले आणि मी एकटीने 'याकुमो' ट्रेन पकडली, दोन-सव्वादोन तास डोंगरातून, नदीच्या कडेकडेने, पलीकडच्या समुद्राच्या बाजूला, तोत्तोरी प्रांतात. तिथून पुढे साकाई लाइन. छोटीशी डिझेल गाडी, डब्यांवर बाहेरून आतून सगळीकडे योकाई रंगवलेले. एकूण 17.9 किलोमीटरची लाइन, 16 स्टेशनं, आणि प्रत्येक स्टेशनला खऱ्या नावाशिवाय एका योकाईचं नाव.

योकाई म्हणजे भूत असं मी पूर्वी सगळ्यांना सांगायचे, पण ते तितकंसं बरोबर नाही. मेलेल्या माणसाचं भूत म्हणजे युरेइ. योकाई म्हणजे बाकी सगळं. नदीतला कप्पा, ज्याच्या डोक्यावर पाण्याची वाटी असते आणि तुम्ही त्याला वाकून नमस्कार केलात तर तोही उलट वाकतो आणि वाटीतलं पाणी सांडून त्याची ताकद जाते. 100 वर्षं वापरून फेकून दिलेली छत्री, जिला एक डोळा आणि एक पाय फुटतो. घराच्या छतावर ओलीचे डाग पडतात ना, ते रात्री जीभ लावून चाटणारा तेंजोनामे. आणि असेही कितीतरी ज्यांना अंगच नाही, नुसता आवाज आहे किंवा नुसता भास आहे.

विमानतळाजवळच्या स्टेशनला 'बेतोबेतो-सान' हे नाव दिलंय. रात्री एकटं चालताना मागून पावलं वाजतात, आपण थांबलो की थांबतात, चाललो की परत सुरू, वळून बघावं तर कोणी नाही, ते हे बेतोबेतो-सान. नारा प्रांतात उदा म्हणून भाग आहे तिकडची ही समजूत. उपाय एकदम सोपा, रस्त्याच्या कडेला व्हायचं आणि म्हणायचं, बेतोबेतो-सान, तुम्ही पुढे व्हा. की पावलं पुढे निघून जातात. मंत्र नाही, लिंबू नाही, मिरची नाही, फक्त अदबीने वाट द्यायची. मला हे वाचलं तेव्हा आरवलीचा वेतोबा आठवला, त्याला मोठाल्या वहाणा वाहतात आणि तो रात्री गावाची राखण करत फिरतो म्हणून त्या झिजतात असं आमच्या आजोळी सांगतात. तिथेही कोणी वेतोबाला चालताना बघितलेलं नाही, बघतो आपण त्या झिजलेल्या वहाणाच.

तर आता माझा मुद्दा. बेतोबेतो-सान नुसता आवाज होता, त्याला तोंड नव्हतं, आणि आज जपानमधल्या पोराला विचारलं तर ते लगेच चित्र काढून दाखवेल, एक मोठ्ठा गोल, त्यात हसणारं रुंद तोंड, खाली दोन पाय आणि पायात गेता, म्हणजे जपानी लाकडी खडावा. हे चित्र एका माणसाने दिलेलं आहे. साकाई लाइनच्या शेवटच्या स्टेशनच्या गावात वाढलेला माणूस, मिझुकी शिगेरु.

मिझुकींचा जन्म 1922 चा, मरण 2015 चं, वयाच्या 93 व्या वर्षी. लहानपण सकाइमिनातोत गेलं. बंदराचं गाव. त्यांच्याकडे एक म्हातारी बाई यायची, देवाधर्माचं करणारी, तिला सगळे नोननोनबा म्हणायचे, आणि या बाईने त्या पोराला सगळं सांगितलं, छतावरचे डाग कोणाचे, मागची पावलं कोणाची, न्हाणीघरातला मळ रात्री कोण चाटतं. पुढे मोठेपणी त्यांनी जे जे काढलं त्याचं मूळ या बाईच्या बोलण्यात आहे हे त्यांनी स्वतःच पुन्हा पुन्हा सांगितलंय, तिच्यावर अख्खा मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, काढला, त्याला 2007 मध्ये फ्रान्समधल्या आंगुलेमच्या कॉमिक्स महोत्सवात सगळ्यात मोठा पुरस्कार मिळाला. एका खेड्यातल्या न शिकलेल्या बाईच्या गोष्टी! मला ही बातमी कळली तेव्हा घशात काहीतरी दाटून आलं होतं.

मग युद्ध. 1943 मध्ये सैन्यात घेतलं आणि पार न्यू ब्रिटन बेटावर, राबाउलला पाठवलं. तिथे पुढच्या चौकीवर यांची दहा जणांची तुकडी. पहाटेच्या पहाऱ्यावर हे होते आणि दुर्बिणीतून पोपट बघत बसले, म्हणून परतायला थोडा उशीर झाला, आणि तेवढ्यात हल्ला होऊन बाकीचे सगळे मारले गेले. हे एकटे जंगलातून, समुद्रातून पळत सुटले. त्या पळण्यात एका रात्री पुढे पाऊलच टाकता येईना, समोर काहीतरी आडवं, मऊ, भिंतीसारखं, डावीकडे जा उजवीकडे जा, भिंत आहेच. दमून खाली बसले, जरा वेळाने उठले तर भिंत नाही. पुढे मलेरिया झाला, आणि आजारी पडलेले असतानाच बॉम्बहल्ल्यात डावा हात गेला. उरलेलं आयुष्य एका हाताने चित्रं काढली, आणि ती कशी, तर मागचं जंगल, पानं, दगड, गवताची पाती न् पाती शाईने भरलेली, आणि त्यात पुढे साध्या दोन रेषांचं पात्र. त्यांचा मांगा उघडला की मी आधी गोष्ट वाचतच नाही, नुसती ती झाडं बघत बसते.

त्या जंगलातल्या भिंतीला जपानीत नाव होतं, नुरिकाबे. यानागिता कुनिओ म्हणून लोकसाहित्याचे फार मोठे अभ्यासक, 1910 मध्ये त्यांनी इवाते प्रांतातल्या तोनो गावच्या गोष्टींचं पुस्तक काढलं, फक्त 350 प्रती छापल्या होत्या पहिल्यांदा, आणि त्यातूनच जपानमध्ये या अभ्यासाची सुरुवात झाली असं मानतात. त्यात एक गोष्ट आहे झाशिकी-वाराशीची, म्हणजे घरात राहणारं लहान मूल, ते ज्या घरात असतं तिथे बरकत. एका श्रीमंत घरातून दोन अनोळखी मुली निघून चाललेल्या रस्त्यात कोणाला तरी दिसतात, विचारलं कुठे निघालात, तर दुसऱ्या गावच्या अमुक घरी. नंतर काही दिवसांत त्या आधीच्या घरातली वीस-एक माणसं विषारी अळंबी खाऊन एका दिवसात मेली, खेळायला बाहेर गेलेली सात वर्षांची एक मुलगी तेवढी उरली. एवढंच. कोणी शाप दिला नाही, कोणाचं पाप नाही, पोरी निघाल्या आणि घर संपलं. मी ही गोष्ट पहिल्यांदा वाचली त्या रात्री दिवा चालू ठेवून झोपले.

या यानागितांनी 1938-39 च्या सुमाराला गावोगावच्या योकाईंची नावं जमवून एक यादी छापली होती. एकेकाला दोन-चार ओळी. नुरिकाबे, फुकुओकाकडच्या ओंगा किनाऱ्यावर, रात्री चालताना पुढे अचानक भिंत होते, वर काठी मारून उपयोग नाही, खाली झाडल्यासारखी काठी फिरवली की नाहीशी होते. इत्तान-मोमेन, कागोशिमाकडे, रात्री उडत येणारी लांबच लांब कापडाची पट्टी. सुनाकाके-बाबा, वाळू टाकणारी म्हातारी. कोनाकी-जिजी, रानात बाळासारखा रडणारा म्हातारा, उचलून घेतला की जड जड होत जातो. चित्र एकाचंही नाही. आणि मिझुकींनी या यादीतले हे चौघे उचलले आणि सगळ्यांना एका टीममध्ये आणून ठेवलं, कितारोच्या, म्हणजे त्यांच्या मांगातल्या नायक मुलाच्या.

कितारोची स्वतःची गोष्ट तर त्याहून जुन्या मुळाची आहे. रोज रात्री एक फिकट बाई दुकानात येऊन गोड गोळ्या विकत घेते, दुकानदार एकदा तिच्या मागे जातो, ती स्मशानात नाहीशी होते, खणून बघतात तर मेलेल्या आईच्या शेजारी जिवंत बाळ, गोळी चोखत. ही गोष्ट जपानमध्ये गावोगावी सांगतात. क्योतोत हिगाशियामा भागात त्या नावाने गोळ्या विकणारं दुकान आजही आहे. सकाइमिनातोपासून जवळच मात्सुए, तिथल्या दाइओजी देवळाच्या स्मशानाची अशीच गोष्ट लेखक लाफकादिओ हर्नने लिहून ठेवलीय, ज्याने पुढे कोइझुमी याकुमो हे जपानी नाव घेतलं. या गोष्टीवरून 1930 च्या दशकात रस्त्यावरचे कामिशिबाइवाले, म्हणजे लाकडी चौकटीत एकामागून एक चित्रं सरकवत गोष्ट सांगणारे, 'स्मशानातला कितारो' दाखवायचे. युद्धानंतर मिझुकी स्वतः पोटासाठी कामिशिबाइची चित्रं काढायचे आणि तिथून तो कितारो त्यांच्या हातात आला. 1960 मध्ये भाड्याने वाचायच्या स्वस्त पुस्तकांत, मग 1965 मध्ये मोठ्या साप्ताहिकात. टीव्हीवर आणायची वेळ आली तेव्हा नावातलं स्मशान अडलं, मुलांच्या कार्यक्रमाला असलं नाव कोण स्पॉन्सर करणार, म्हणून ते काढून 'गेगेगे नो कितारो' केलं. गेगे हे मिझुकींचं लहानपणीचं बोबडं, स्वतःचं नाव शिगेरु म्हणता यायचं नाही तर गेगेरु म्हणायचे. जानेवारी 1968 मध्ये ॲनिमे, म्हणजे कार्टून मालिका, सुरू झालं आणि तेव्हापासून दर पिढीला नवा कितारो येतोय, 2023 मध्ये त्याच्या जन्माआधीच्या गोष्टीवर सिनेमा आला, तो मोठ्यांसाठीचा आहे, लहान मुलांना दाखवू नका.

मला यातलं सगळ्यात आवडतं पात्र म्हणजे कितारोचा बाप. अंग सडून गेलं आणि पोराची काळजी म्हणून फक्त डोळा उरला, त्या डोळ्याला छोटेसे हातपाय, आणि तो चहाच्या वाटीत गरम पाण्यात आंघोळ करत पोराला सल्ले देतो. सकाइमिनातो स्टेशनपासूनचा रस्ता मिझुकींच्या नावाचा आहे, 1993 मध्ये 23 ब्राँझचे पुतळे लावून सुरू झाला, आता पावणेदोनशेच्या वर आहेत, अगदी तळहाताएवढे ते माणसाएवढे. अंधार पडला की रस्त्यावरच्या दिव्यांतून योकाईंच्या सावल्या पायाखाली पडतात. एक आजी नातवाला एकेका पुतळ्यापाशी नेऊन नाव सांगत होती आणि तो प्रत्येकाच्या डोक्यावरून हात फिरवत होता. काही पुतळे हात लागून लागून चकचकीत झालेत.

सगळं मिझुकींनीच केलं असं मात्र नाही. त्यांच्याही आधी तोरियामा सेकिएन, एदो शहरातला, म्हणजे आताच्या टोकियोतला चित्रकार, प्रसिद्ध चित्रकार उतामारोचा गुरू. 1776 मध्ये त्याने योकाईंचं पुस्तक काढलं. त्याआधी लांबलचक गुंडाळ्यांवर शंभर योकाईंची रात्रीची मिरवणूक काढायची पद्धत होती, सगळे एकत्र, गर्दीत. सेकिएनने ती मिरवणूक थांबवली आणि एकेकाला एकेका पानावर उभं केलं, शेजारी नाव. बस. 1784 पर्यंत अशी चार पुस्तकं झाली आणि शेवटच्यात तर बरेच योकाई त्याने स्वतःच्या मनाने, शब्दांवर कोट्या करून बनवले. आज व्हिडिओ गेममध्ये योकाई पकडायचे, त्यांची नावं आणि गुण पाठ करायचे, तो सगळा प्रकार मला तरी सेकिएनच्या त्या पानांचाच पुढचा भाग वाटतो. आणि नुरिकाबेचं म्हणाल तर 1802 चं एक चित्र आहे, त्यात तो तीन डोळ्यांचा, सुळेवाला, हत्ती की कुत्रा कळत नाही असा प्राणी आहे, भिंत नाहीच. पण लोकांच्या डोक्यात मिझुकींचीच भिंत बसलीय, दोन अर्धवट मिटलेले डोळे आणि छोटे हातपाय असलेली, आणि ती आता हलणार नाही.

भारताचा धागा एका ठिकाणी खरोखरच आहे आणि तो फार लोकांना माहीत नसतो म्हणून सांगते. नारुतो ही ॲनिमे मालिका बघितलेल्या सगळ्यांना नऊ शेपट्यांचा कोल्हा माहीत आहे. जपानी दंतकथेतली नऊ शेपट्यांची सगळ्यात प्रसिद्ध कोल्हीण म्हणजे तामामो-नो-माए, माजी सम्राट तोबाच्या दरबारातली सुंदर, विद्वान बाई, जिच्यामुळे तो आजारी पडतो आणि आबे घराण्यातला ज्योतिषी तिला ओळखतो. पण एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, ही गोष्ट तीन देशांची झाली. जपानच्या आधी ती चीनमध्ये राजाची राणी होती आणि त्या दोन्हींच्या मधे तेनजिकुत, म्हणजे भारतात, मगधाच्या हानझोकु राजपुत्राची बायको, कायो नावाची, तिच्या नादाने त्याने हजार राजांची मुंडकी मागितली. हानझोकु या नावाचा अर्थ ठिपक्याठिपक्याच्या पायांचा. म्हणजे कल्माषपाद! महाभारताच्या आदिपर्वातला, शापाने राक्षस झालेला राजा. बौद्ध कथांबरोबर तो चीनमार्गे तिकडे पोचला आणि तिथे त्याला कोल्हीण बायको मिळाली. कुनियोशी या जपानी चित्रकाराने त्याचं चित्र काढलंय, राजपुत्रासमोर प्रकट झालेली कोल्हीण. ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी आईला फोन करून कल्माषपादाची गोष्ट परत ऐकली, फक्त खात्री करायला.

त्या कोल्हिणीला मारल्यावर तिचा दगड झाला, नासूच्या ज्वालामुखीच्या डोंगरात, जवळ जाईल तो मरतो. तिथे जमिनीतून खरंच विषारी वायू निघतात, 1689 च्या प्रवासात कवी बाशो तिथे गेला होता आणि मेलेल्या मधमाश्या आणि फुलपाखरांचा असा थर होता की वाळूचा रंग दिसेना असं त्याने लिहिलंय. हा दगड मार्च 2022 मध्ये मधोमध फुटलेला सापडला. भेगा आधीपासून होत्या, त्यात पाणी शिरून गोठलं असणार, पण त्या आठवड्यात इंटरनेटवर सगळीकडे एकच, कोल्हीण सुटली.

आणि अमाबिए. ही मला शेवटी सांगायची होती. 1846, हिगो प्रांत, म्हणजे आताचं कुमामोतो. समुद्रात रोज रात्री काहीतरी चमकतंय म्हणून अधिकारी बघायला गेला तर पाण्यातून चोच, लांब केस, अंगावर खवले आणि खाली तीन फाटे असलेलं काहीतरी वर आलं आणि म्हणालं, सहा वर्षं पिकं चांगली येतील, पण रोगाची साथही येईल, माझं चित्र काढून लोकांना दाखवा. आणि गेलं पाण्यात. याची बातमी तेव्हाच्या एका छापील चिटोऱ्यावर आली, तो कागद क्योतो विद्यापीठाच्या लायब्ररीत आहे. चित्र अगदी कच्चं, शाळकरी मुलाने काढल्यासारखं. 2020 मध्ये कोरोना आला आणि जपानमध्ये हजारो लोकांनी तिची चित्रं काढून ट्विटरवर टाकली, मिझुकींच्या ऑफिसनेही त्यांनी पूर्वी काढलेली अमाबिए टाकली, आरोग्य मंत्रालयाने तिला पोस्टरवर घेतलं. तेव्हा मी पुण्यात घरात कोंडलेली, जपानीचा ऑनलाइन क्लास चालू होता, आमच्या सेन्सेइंनी, म्हणजे बाईंनी, सगळ्यांना एक एक अमाबिए काढून कॅमेऱ्यासमोर धरायला लावली. बारा चौकोनांत बारा अमाबिए. एकीच्या घरी पेशंट होता, ती रडत रडत हसली. ते मी विसरू शकत नाही.

माझी भाची नऊ वर्षांची आहे, तिने सुट्टीत माझ्या लॅपटॉपवर कितारोचे बरेच एपिसोड बघितले आणि नुरिकाबे बघून विचारलं, आत्या, असं आपल्याकडे काय असतं? मी म्हटलं चकवा. रात्री माळावरून येताना लागतो, माणूस त्याच त्याच जागी फिरत राहतो, पहाट झाल्यावर सुटतो. तिने लगेच वही काढली, चकवा दिसतो कसा? मला सांगता येईना, मग आम्ही दोघी आईकडे गेलो, ती तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, अगं तो दिसत नाही, तो लागतो.

भाचीने तरी काढलाच. वाटेचीच वेटोळी, गोल गोल गोल, मधे दोन मोठे डोळे आणि त्या वाटेवर एक चिमुकला माणूस कंदील घेऊन. आईने चष्मा लावून बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, छान झालाय, पण डोळे खोड. त्याला डोळे असते तर त्याने त्या बिचाऱ्याला वाट दाखवली नसती का. भाचीने खोडरबर घेतला आणि डोळे पुसले, कागदावर तिथे दोन करडे डाग राहिलेत. ते चित्र आता माझ्या फ्रिजवर आहे, सकाइमिनातोवरून आणलेल्या बेतोबेतो-सानच्या मॅग्नेटने लावलेलं.